चिखलकाका

रविवारी सकाळी साडेनऊला बेल वाजली की आमच्याकडे दार उघडायला कुणी पुढे होत नाही. दूधवाला, पेपरवाला, कचरेवाली असे सगळे तोवर येऊन गेलेले असतात. साडेनऊ ही चिखलकाकांची वेळ. दार उघडावं तर काका तान्हं मूल धरावं तसं दोन्ही हातांवर जुन्या पेपरात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन उभे. नखांच्या कडांना माती, चष्म्याच्या डाव्या काचेवर मातीचाच सुकलेला शिंतोडा आणि चेहऱ्यावर बारशाला आलेल्या आजोबांचा भाव.

"घ्या वहिनी, पहाटेच निघालं भट्टीतनं. अजून कोमट असेल."

पेपर उलगडला की आतली वस्तू टेबलावर बसते. बसते म्हणजे आधी जरा डुलते आणि मग एका अंगाला कलून स्थिरावते. अशा वेळी ती काय आहे याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. पहिल्या वर्षी मी "ॲशट्रे झकास झालाय" म्हणून मोकळा झालो होतो. ती कोशिंबिरीची वाटी होती. आता अनुभवानं एक बिनधोक वाक्य सापडलंय: "वा! रंग काय उतरलाय!" मातीच्या वस्तूला कसला ना कसला रंग असतोच, त्यामुळे हे वाक्य कुठे अडकत नाही.

मग काका ती वस्तू उलटी करून बूड दाखवतात. बुडावर खिळ्यानं आकडा कोरलेला असतो. "एकशे सत्त्याऐंशी. लक्षात ठेवा." हे नुसतं बोलणं नव्हे, ती नोटीस असते. आणि वस्तूच्या पोटात घडी घातलेला एक कागद असतो. तो लगेच वाचायचा नसतो, काका जिना उतरून गेल्यावर वाचायचा असतो. त्यावर कविता असते.

चिखलकाका हे नाव सोसायटीतल्या पोरांनी ठेवलं. त्याआधी ते नुसते 'बँकेतले काका' होते. तेहेतीस वर्षं बँकेत, त्यातली शेवटची अकरा तपासणी खात्यात. दुसऱ्यांच्या शाखांत जाऊन चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा, अशी नोकरी अस्सल पुणेकराच्या वाट्याला येणं हा पत्रिकेतलाच योग. सोसायटीच्या हिशेबात एकदा तेरा रुपयांचा फरक आला, तेव्हा काकांनी वार्षिक सभा रात्री पावणेबारापर्यंत चालवली होती. शेवटी सेक्रेटरीनं वैतागून खिशातनं तेरा रुपये काढून टेबलावर ठेवले. काका शांतपणे म्हणाले, "असं चालत नाही. आता हे तेरा जास्त झाले."

असा माणूस मातीत पडला कसा? तर शेपटीमुळे.

काका निवृत्त झाले त्या वर्षी सोसायटीत मुलांसाठी शाडूचे गणपती करायची कार्यशाळा होती. काका तिथे मुलांनी भरलेल्या पैशांचा हिशेब ठेवायला बसले होते. एक गोळा उरला. हिशेबात न बसणारा गोळा तसाच सोडणं त्यांच्या तत्त्वात नव्हतं, म्हणून त्यांनी तो हातात घेतला. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलोय. घडताना मात्र तेव्हाच पाहिली. सोंड वाळता वाळता गळून पडली. काकांनी मूर्तीकडे बराच वेळ पाहिलं, कान थोडे दाबले आणि पडलेली सोंड उचलून मागच्या बाजूला शेपटी म्हणून चिकटवली. मारुती सुरेख झाला. तो अजून त्यांच्या देवघरात आहे. आयुष्यभर चूक दिसली की तिच्याभोवती लाल शाईनं गोल करणाऱ्या माणसाला चुकीची शेपटी करता येते, हे साठाव्या वर्षी कळलं. पुढचं सगळं त्या शेपटीनं केलं.

दोन महिन्यांत विजेवर चालणारं चाक आलं. काका तळमजल्यावर राहतात, त्यामुळे ते पार्किंगमध्ये बसलं आणि गाडी रस्त्यावर गेली. "चार चाकं बाहेर काढली आणि एक आत घेतलं," असं काकूंनी त्या व्यवहाराचं वर्णन केलं. काकू मोजकं बोलतात. नवऱ्याला चिखलाचा नाद कसा लागला, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "शेवटी सगळ्यांनाच मातीत जायचंय. ह्यांनी ॲडव्हान्स बुकिंग केलंय."

पाठोपाठ पुस्तकं आली. बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराचं १९४० सालचं पुस्तक काकांनी बँकेचं परिपत्रक वाचावं तसं लाल-निळ्या पेन्सिलीनं रंगवून काढलं. मग ज्ञान वाटणं सुरू झालं. त्यासाठी जागा निवडली ती लिफ्ट, कारण तिथून माणसाला उठून जाता येत नाही. पाँडिचेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकन जोडप्यानं १९७१ साली गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली आणि हौसेनं भांडी घडवणाऱ्यांच्या किती पिढ्या तिथे तयार झाल्या, हे मला लिफ्टमध्ये समजलेलं आहे. मी चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट चौथ्यावर पोचते तेव्हा काका १९७१ वरच असतात. पुढची वर्षं सांगायला ते दार धरून ठेवतात.

पण पुस्तकातली माती आणि पुण्यातली माती यांत फरक निघाला. म्हणून काका कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात एका म्हाताऱ्या कुंभाराकडे गेले. त्यांनी सांगितलं की नुसती माती तडकणार, तिच्यात घोड्याची लीद मिसळा. लीद भट्टीत जळून जाते, तिच्या जागी बारीक छिद्रं राहतात आणि मडकं ताण सोसतं. कारण पटल्यावर काका मागे हटणाऱ्यांतले नाहीत. लग्नसराई होती. आमच्या कोपऱ्यावरच्या कार्यालयाची वरात बँडबाजासकट निघाली, लोक घोड्यावरच्या नवरदेवाकडे बघत होते, आणि घोड्याच्या मागे इस्त्रीचा शर्ट घातलेला एक निवृत्त अधिकारी पिशवी उघडी धरून गंभीरपणे चालला होता. मुलीकडच्यांनी त्यांना मुलाकडचे समजून पेढा दिला. काकांनी तो डाव्या हातानं घेतला.

काका चाकावर बसतात तो सोहळा एकदा तरी पाहावा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात काही नाही, शेजारी पाण्याचं टमरेल, स्पंज आणि दोरा. आधी माती मळायची. कणीक मळतात तशीच, फक्त इथे आतली हवा काढायची असते. मग गोळा चाकावर आपटायचा आणि तो बरोबर मधोमध आणायचा. खरी मेख हीच आहे. डावं कोपर मांडीत रुतवायचं, तळवा गोळ्याच्या कुशीला लावायचा आणि गोळा फिरत असताना हात मात्र हलू द्यायचा नाही. गोळा मध्यात आला की फिरतो आहे हेच कळत नाही. नुसता ओला, चकचकीत, उभा दिसतो. केसभर बाजूला राहिला तर खाली काही जाणवत नाही, पण भिंत वर ओढायला घेतली की तोच केसभर फरक काठावर बोटभर होतो. "तेरा रुपयांचंही असंच असतं," काका मान वर न करता मला एकदा म्हणाले.

सकाळी आठला बसतात तेव्हा रांजण करायचा असतो. पावणेनऊला रांजण एक खांदा पाडतो. काका वरचा भाग दोऱ्यानं कापून माठावर येतात. माठाचं पोट सुटतं, मग लोटा. लोट्याचा गळा पिळवटतो, मग वाटी. अकरा वाजता चाकावर एक पणती उरलेली असते. ती दोऱ्यानं अलगद सोडवून काका फळीवर ठेवतात, हात पुसतात आणि म्हणतात, "पणतीच करायची होती." दिवाळी आठ महिने लांब असते.

त्यातून भांडं तयार झालंच तर ते आटतं. वाळताना आणि भाजताना मिळून साधारण दहावा हिस्सा अंग चोरतं. हे लक्षात न घेता काकांनी केलेला चहाच्या कपांचा पहिला संच भातुकलीत खपला. काका खचले नाहीत. त्यांनी वहीत नोंद केली: 'घसारा, १० टक्के.'

पहिली भांडी त्यांनी इमारतीच्या मागे गोवऱ्या रचून, जुन्या पद्धतीचा आवा लावून भाजली. आत ओल राहिलेली होती. ओलीची वाफ झाली आणि भर उन्हाळ्यात दिवाळीसारखे बार निघाले. अठरातली पाच वाचली. त्यांतलं एक बोळकं घेऊन काका त्या म्हाताऱ्या कुंभाराकडे गेले. मीही बरोबर होतो. वाटेत काकांनी मला गोरोबाकाकांची गोष्ट सांगितली. तेरच्या गोरा कुंभारांकडे संत जमले असताना मुक्ताबाईनं विचारलं, यातली कच्ची मडकी कोणती? गोरोबांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत नेलं आणि नामदेव कच्चे निघाले. गोष्ट मला ठाऊक होती, पण रिक्षावाला मन लावून ऐकत होता म्हणून मी मध्ये बोललो नाही.

कुंभारांनी बोळकं हातात घेतलं आणि बोटाच्या पेरानं वाजवलं. भाजलेलं मडकं टण्ण वाजतं. हे भद्द वाजलं. त्यांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा भद्द. मग बोळकं खाली ठेवून ते म्हणाले, "चहा घ्या."

नामदेव विसोबा खेचरांना शरण गेले. काकांनी विजेची भट्टी घेतली.

भट्टी पहिल्यांदा लावली त्या रात्री क्रिकेटचा सामना होता. शेवटच्या षटकात सात धावा हव्या असताना अख्ख्या इमारतीचे दिवे गेले. खाली काका टॉर्च घेऊन भट्टीपाशी हताश उभे. ५७३ अंशांना मातीतल्या गारगोटीच्या कणांची घडण बदलते, तिथे हळूहळू जावं लागतं, नाहीतर भांडं तडकतं. काका त्या टप्प्याच्या तोंडाशी आले होते. तिसऱ्या मजल्यावरून अंधारात कुणीतरी ओरडलं, "किती झाले?" काका म्हणाले, "पाचशे साठ!"

त्यानंतर सोसायटीनं ठराव करून काकांना वेगळं मीटर घ्यायला लावलं. ठरावाच्या इतिवृत्तात शुद्धलेखनाच्या चार चुका काकांनीच काढून दिल्या.

कविता ही मातीबरोबर आपोआप आली असावी. चाक फिरताना हात गुंतलेले असतात, तोंड रिकामं असतं. सुरुवातीला ते भुजंगप्रयातात लिहीत. बारा अक्षरं, चार य-गण, लघु-गुरू सगळं चोख. नोटा मोजणारा अंगठा आता मात्रा मोजू लागला होता आणि सवयीनं मधूनमधून जिभेला लागत होता. पुढे शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला हायकू त्यांना सापडला आणि काका हरखले. तीन ओळी, पाच-सात-पाच, एकूण सतरा. काकांना यात कविता किती दिसली ते सांगता येत नाही, ताळा मात्र लगेच दिसला.

ओली ही माती
फिरते गरागरा
मीही फिरतो

मोजून पाहा. सतरा भरतात.

या हायकूचं पहिलं वाचन कोजागिरीला गच्चीवर झालं. मसाला दूध काकांनी स्वतः घडवलेल्या तेवीस कुल्हडांतून दिलं. झिलई नसलेली माती पाझरते. माठातलं पाणी गार होतं ते त्यामुळेच. बाहेर आलेला ओलावा उडताना आतली उष्णता घेऊन जातो. हे काका समजावून सांगत होते तोवर लोकांच्या मनगटांवरून केशरी ओघळ कोपरापर्यंत पोचले होते. सगळ्यांनी घाईघाईनं कुल्हड तोंडाला लावले. कवितेआधी दूध संपलेली ती आमच्या सोसायटीतली पहिली कोजागिरी. एरवी लोक दुधासाठी कविता ऐकतात.

मग निसर्ग आला. काका पहाटे वेताळ टेकडीवर जातात आणि पिशवी भरून परत येतात. काटेसावरीचा कापूस, पांगाऱ्याची फुलं, बहाव्याच्या शेंगा, पावसाळ्यात गोगलगाईंचे रिकामे शंख. पिंपळाच्या पानांची जाळी करायची म्हणून त्यांनी बादलीभर पानं महिनाभर कुजत घातली होती. त्या महिन्यात तळमजल्यावर पाहुणे आले नाहीत. आली ती फक्त साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या शोधणारी माणसं. काकांनी त्यांना टूथब्रशनं पानाचा गर काढून शिरा मोकळ्या कशा करायच्या ते दाखवलं आणि प्रत्येकी एक पान दिलं. पानांना नंबर नव्हते, म्हणून ते सुटले.

आम्हाला मिळाला तो हळदीचा सूर्योदय. पांढऱ्या सुती टेबलक्लॉथवर हळदीच्या पाण्यानं रंगवलेला पिवळाजर्द सूर्य आणि पळसाच्या फुलांचं केशरी आभाळ. खरं सांगतो, तो चांगला होता. आठ दिवसांनी त्याच्यावर आमटी सांडली आणि बायकोनं तो साबणाच्या पाण्यात टाकला. सूर्य लालभडक झाला. हळदीला साबण लागला की ती लाल होते. चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. आम्ही घाबरून तो उन्हात वाळत घातला आणि सोडून दिला. तीन-चार दिवसांत उन्हानं हळद खाऊन टाकली. काका आले तेव्हा टेबलावर जवळजवळ कोरं कापड होतं.

"सकाळची संध्याकाळ झाली," मी ओशाळून म्हणालो, "आणि मग..."

काकांनी खिशातून अर्धं लिंबू काढलं. लिंबानं लाल पुन्हा पिवळं होतं. म्हणजे ते लिंबू घेऊनच आले होते. वाळत घातलेला सूर्य त्यांना खालून दिसला होता. पण लिंबू पिळायला आता रंगच उरला नव्हता. काका थोडा वेळ कापडाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "सरबत तरी करा."

आता त्या आकड्यांकडे येतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. काकांकडे लाल पाठीची एक जाड खतावणी आहे. घडलेली प्रत्येक वस्तू त्यात जमा होते. नावेच्या बाजूला 'वाळताना चीर', 'भट्टीत स्फोट', 'मांजर' अशी कारणं. आणि सगळ्यात मोठा रकाना 'भेट दिली, ताबा अमुक यांच्याकडे'. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काका ही खतावणी काखेत मारून घरोघर फिरतात.

त्या आठवड्यात आमच्या इमारतीत जी धावपळ उडते ती गणपतीतही नसते. माळ्यावरच्या, बाल्कनीतल्या, कुंडीखाली उताण्या पडलेल्या वस्तू धुऊन पुसून दिवाणखान्यात येतात. कुणी त्यांत फुलं ठेवतं, कुणी किल्ल्या. काका येतात, वस्तू उलटी करतात, आकडा बघतात, बारीक खूण करतात. "एकशे नऊ? उत्तम. वापरात दिसतंय." दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावर १४३ फुटलं. त्या कुटुंबानं भीतीपोटी तुळशीबागेतून तसलंच वाकडं बोळकं शोधून आणलं, बुडावर खिळ्यानं १४३ कोरलं आणि मांडून ठेवलं. काकांनी ते दोनदा फिरवून पाहिलं. "चार मी असा काढत नाही," ते म्हणाले. त्या घरी त्यांनी चहा घेतला नाही.

आमच्याकडे २१२ होता. मग. आणि तो खराखुरा मग होता, हे मला सांगितलंच पाहिजे. काका तोवर झिलई शिकले होते. बाहेरून मातकट हिरवा, आत पांढुरका, गळत नव्हता, फारसा डुलतही नव्हता. काठाखाली एका बाजूला त्यांचा अंगठा जरा जास्त दाबला गेला होता, तिथे माझा अंगठा नेमका बसायचा. दुसऱ्या कपातला चहा मला चहा वाटेनासा झाला होता. गेल्या मार्चच्या एकवीस तारखेला सकाळी मी तो विसळत असताना नळावर आपटला आणि कान तुटून बेसिनमध्ये पडला. शिवाय काठापासून निम्म्यापर्यंत एक तुकडा निघाला.

मी दोन्ही तुकडे मगात घालून मग तांदळाच्या डब्यामागे ठेवला. पंचवीस तारखेला बेल वाजली.

"दोनशे बारा," काका खतावणीत बोट ठेवून म्हणाले.

मी सरळ स्वयंपाकघरात जाऊन मग आणला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी कान हातात घेतला, तुटलेली कड चष्मा वर करून पाहिली. मी बोलणी खायच्या तयारीत उभा होतो.

"आत एक बुडबुडा राहिला होता," ते म्हणाले. "बघा इथे. मळताना राहिला. तुमची चूक नाही." आणि मगाचे तुकडे रुमालात बांधून घेऊन गेले.

रविवारी साडेनऊला बेल. तोच पेपर, तेच दोन हात. जपानात फुटलेलं भांडं लाख आणि सोन्याच्या पुडीनं सांधतात, त्याला किन्त्सुगी म्हणतात. सोन्याचा भाव बघता काकांनी फेव्हिकॉल आणि हळद वापरली होती. मगावरून एक पिवळी रेघ नागमोडी उतरली होती आणि कान किंचित वर बसला होता, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा.

"गरम काही घालू नका," काका म्हणाले. "गारही नको. साबण लावू नका. उन्हात ठेवू नका."

"मग ठेवू काय यात?"

"आत आहे की."

बुडावर '२१२' च्या पुढे नव्यानं 'अ' कोरलेला होता. काका खाली गेल्यावर मी आतला कागद उलगडला.

तुटला कान
चहा सांडला सारा
कान ऐकेना

खाली बँकेच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'दुरुस्तीनंतर सुस्थितीत मिळाला. सही करून परत करावे.' मी पेन शोधून सही केली आणि कागद द्यायला खाली गेलो. काका चाकावर बसलेले. हात कोपरापर्यंत चिखलात. त्यांनी मान वाकडी करून कागदावरची सही नीट पाहिली.

"तारीख राहिली," ते म्हणाले.